विमानतळावर अडलेली रेघ

ब्रिटनमधल्या लिलावांतून विकत घेतलेल्या सात कलाकृती 2023 साली मुंबई विमानतळावर उतरल्या आणि कस्टम्सच्या ताब्यात अडकून पडल्या. त्यांतली चार रेखाटनं फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची होती आणि तीन कृती अकबर पदमसी यांच्या. अडवण्याचं कारण अश्लीलता. 1 जुलै 2024 रोजी सहायक आयुक्तांनी त्या जप्त करण्याचा आणि मागवणाऱ्या कंपनीला 50,000 रुपये दंड करण्याचा आदेश काढला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सुनावणी संपेपर्यंत ही चित्रं नष्ट करू नका, असं न्यायालयाला कस्टम्सला सांगावं लागलं. 25 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल आला. आदेश रद्द झाला, चित्रं सोडून द्यायला सांगण्यात आलं. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, लैंगिकता आणि अश्लीलता हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत, आणि अधिकाऱ्यानं समोर आलेली तज्ज्ञांची मतं विचारात न घेताच निर्णय केला, हे न्यायालयानं स्वच्छ शब्दांत नोंदवलं.

निकाल चांगला आहे. तरी ‘नष्ट’ हा शब्द माझ्या मनातून जात नाही. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सूझांची एक रेघ बघायला मिळावी म्हणून आम्ही विद्यार्थी असताना मुंबईभर हिंडत असू. ती रेघ गोदामात पडून राहते, तिचं काय करायचं हे चित्राशी कधी संबंध न आलेला एक माणूस ठरवतो, आणि ती वाचते ती केवळ मागवणाऱ्याकडे वकील करायला पैसे होते म्हणून. या तीन गोष्टी एकत्र आल्या की निकालाचा आनंद अर्धा होतो. पुढच्या पार्सलचं काय होणार, हे त्या निकालानं ठरत नाही.

हे दोघे कोण, ते थोडं सांगतो. सूझांचा जन्म 1924चा, गोव्यातल्या साळगावचा. वडील ते तान्हे असताना गेले. पुढे देवी आल्या, आईनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला, पोर वाचलं आणि नावात ‘फ्रान्सिस’ आलं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरले, 1945मध्ये तिथून काढले गेले. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या कलावंतांचा गट उभा राहिला तो त्यांच्या पुढाकारानं. रझा, आरा, हुसेन, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे त्यांचे सोबती. 1949मध्ये मुंबईतल्या एका प्रदर्शनातल्या त्यांच्या नग्न आत्मचित्रावर गदारोळ झाला, अश्लील चित्रं शोधत पोलीस घरी आले, आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. लंडननंतर न्यूयॉर्क. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बाहेर काढला आणि 2002 साली मुंबईत देह ठेवला. शिवडीच्या दफनभूमीत ते आहेत.

पदमसी मुंबईचेच, 1928चे. पॅरिसला जाऊन आले आणि 1954मध्ये त्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन भरवलं. गॅलरी तेव्हा दोनच वर्षांची होती. एका जोडप्याच्या दोन चित्रांवर पोलिसांनी हरकत घेतली. चित्रं उतरवा म्हणाले. 26 वर्षांचा तो मुलगा म्हणाला, उतरवणार नाही. खटला झाला, तो निर्दोष सुटला.

म्हणजे या शहरानं या दोघांना हा प्रश्न एकदा विचारून झाला होता, आणि एकदा तर कोर्टातून उत्तरही मिळालं होतं. 70 वर्षांनी, दोघांच्याही पश्चात, तोच प्रश्न त्यांच्या कागदांना पुन्हा विचारला गेला. सरकारी यंत्रणेला स्मरण असायला हवं, अशी माझी अपेक्षा आहे. एखाद्या कलावंतावरचा खटला सुटला, तर त्या निकालाची नोंद पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचली पाहिजे. ती पोचत नाही. प्रत्येक अधिकारी शून्यापासून सुरुवात करतो आणि प्रत्येक चित्रकार पहिल्यांदा आरोपी होतो.

आता चित्राकडे येतो, कारण खरी गफलत तिथं आहे.

आम्ही कलाशाळेत शिकत होतो तेव्हा लाइफ क्लासचा, म्हणजे समोर उभ्या नग्न मॉडेलवरून आकृती काढायच्या वर्गाचा, पहिला दिवस आम्हा खेड्यातून आलेल्या मुलांना फार जड गेला. माना खाली, कोळशाची कांडी हातात घामेजलेली. सरांनी सांगितलं, दोन मिनिटांत काढा. दोन मिनिटांत काय काढणार? डोळे नाहीत, नखं नाहीत, केस नाहीत. सर मागून फिरत एकच वाक्य म्हणत, “वजन कुठल्या पायावर पडलंय ते बघ.” मग खांद्याची एक तिरकी रेघ, कमरेची उलटी तिरकी रेघ, आणि जमिनीवर रोवलेला एक पाय. बस्स. आठवडाभरात लाज कुठं गेली कळलंही नाही, कारण आम्ही बाई बघत नव्हतो, तोल बघत होतो. पोज संपली की त्या बाई साडी नेसून आमच्याच बाकावर चहा प्यायला बसायच्या, कुणाची रेघ कुठं चुकली ते सांगायच्या. त्यांचा मान आम्ही राखला तो कुणी बजावलं म्हणून नव्हे. दोन मिनिटं निश्चल उभं राहणं हे किती कष्टाचं काम आहे, ते आमच्या डोळ्यांसमोर होतं.

आकृती साधी करणं म्हणजे हे. शरीरातलं पुष्कळसं गाळून उरलेलं ठेवायचं. काय गाळलं आणि काय ठेवलं, यातून चित्रकार बोलतो. सूझांनी माणसाचं डोकं काढलं तेव्हा डोळे कपाळावर नेऊन बसवले, दातांच्या रांगा कुंपणासारख्या उभ्या केल्या, मानेत बाण रोवले. गोव्याच्या चर्चमधले हुतात्मे संत ज्यानं लहानपणी गुडघे टेकून पाहिले, त्याच्या हातून बाण असेच येणार. पदमसींच्या कोळशातल्या स्त्रियांना कित्येकदा चेहराच नसतो, अंधारातून पाठ तेवढी उजेडात येते. ही चित्रं पाहून कुणाला अस्वस्थ वाटलं तर ते मी समजू शकतो. कुणाची वासना चाळवेल, हे मला खरोखर समजत नाही. वासना चाळवायची असेल तर तपशील लागतो, गुळगुळीतपणा लागतो, समोरचं शरीर खरं आहे असा भास लागतो. रेघ तो भासच मोडते.

सूझांनी न्यूयॉर्कमध्ये असताना एक मिश्र माध्यम हाताळलं, ते इथं सांगण्यासारखं आहे. चकचकीत छापील मासिकांची पानं घ्यायची, त्यांवर रसायन लावायचं, छपाईची शाई सैल करायची, काही पुसायची, काही ओघळू द्यायची, आणि त्या अर्धवट विरघळलेल्या छायाचित्रांवर काळ्या रेघांनी आपली माणसं उभी करायची. डोकी, जोडपी, नुसते उभे देह. जाहिरातीतलं गोंडस शरीर खाली विरघळत असतं आणि वर सूझांचं ओबडधोबड माणूस उगवत असतं. छापील जाहिरातीतल्या शरीराला नकार देणारं याहून थेट चित्र मी पाहिलेलं नाही. आणि अशा माणसाच्या रेखाटनाला आपण बाजारू चित्राच्या रांगेत उभं करतो.

त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात 1964ची एक अधिसूचना आहे, तिच्यात अश्लील पुस्तक, कागद, रेखाटन, चित्र यांच्या आयातीला बंदी आहे. अश्लील म्हणजे काय, हे तिच्यात नाही. त्याला सोन्याची तस्करी ओळखायला शिकवलं, मालाची किंमत लावायला शिकवलं. चित्र बघायला कुणी शिकवलं? शाळेतला चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या समाजातून तो आला आहे. आपण त्याला जे दिलं नाही, ते तो टेबलावर कुठून आणणार? माझी तक्रार वेगळी आहे. जे आपल्याला कळत नाही ते कळणाऱ्याला विचारावं, आणि त्यानं सांगितलेलं ऐकावं, एवढं तरी नियमानं बंधनकारक हवं. या प्रकरणात जाणकारांचं मत समोर होतं. ते बाजूला ठेवलं गेलं, हे न्यायालयाचं म्हणणं मला सगळ्यात गंभीर वाटतं.

कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. अश्लीलता ठरवायची आपली जुनी कसोटी 1868 सालच्या इंग्लंडमधल्या एका निकालातली. एखाद्या कृतीचा तुकडा उचलायचा आणि विचारायचं की, ज्याचं मन बिघडू शकतं अशा कुणाच्या हाती हे पडलं तर? सर्वोच्च न्यायालयानं 1964मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात तीच कसोटी मान्य केली. ती सोडायला 2014 उजाडलं. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, कृती अखंड बघा आणि आजच्या समाजाचा निकष लावा. म्हणजे न्यायालय बदललं, पण काउंटरवरचा माणूस अजून त्या सर्वांत दुबळ्या मनाच्या काल्पनिक इसमाची काळजी करत बसला आहे.

खजुराहोचं नाव घेऊन अशा वेळी युक्तिवाद करायची आपली सवय आहे. मी तो करणार नाही, कारण तो मला घातक वाटतो. कायद्यातच बघा. प्राचीन वास्तू, देवळं, धार्मिक वापरातल्या मूर्ती यांना अश्लीलतेच्या कलमातून सरळ सूट आहे. 1 जुलै 2024पासून आलेल्या नव्या न्याय संहितेतही ती तशीच राहिली. कलेला सूट आहे, पण ती लोकहिताची आहे हे पटवून द्यावं लागतं. म्हणजे दगड जुना असेल तर आपोआप सुटतो, आणि कागद नवा असेल तर त्यानं आपलं निरपराधित्व सिद्ध करायचं. आपण खजुराहोकडे बोट दाखवतो तेव्हा नकळत हीच विभागणी मान्य करतो, की पूर्वजांना जे शोभलं ते आपल्याला शोभेलच असं नाही.

माझ्यासाठी जुन्या मूर्तींचा धडा दुसरा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. ही देवी उघड्या देहाची, मांड्या फाकवलेली, प्रसूतीच्या बैठकीतली. तिच्या कित्येक मूर्तींत डोकं नसतंच, त्या जागी कमळ असतं. तळहातावर मावेल एवढ्या मातीत किंवा दगडात त्या अनाम कारागिरानं चेहरा गाळला आणि सृजन ठेवलं. दोन मिनिटांच्या रेखाटनात आम्हाला जे शिकवलं जात होतं, ते तो जाणत होता. तिच्यापुढे लेकुरवाळ्या बायांनी हळदकुंकू वाहिलं असेल, मूल मागितलं असेल. मला तो देह आणि सूझांचा देह एका वाटेवर दिसतात. एकाला पूजा आणि दुसऱ्याला पंचनामा, हा फरक चित्रात नाही, बघणाऱ्याच्या तयारीत आहे.

एक आक्षेप मात्र असा आहे की तो मी मनापासून ऐकतो. माझ्याच एका माजी विद्यार्थिनीनं, ती आता स्वतः चित्रकार आहे, मला विचारलं, “सर, या सगळ्या पुरुषांनी बायकांचीच शरीरं का काढली? सूझांच्या बायकांकडे बघून मला राग येतो. त्यांना मायाच नाही.” ती बरोबर बोलत होती. सूझांच्या काही स्त्रिया अशा आहेत की त्यांच्यात भीती आणि तिरस्कार एकत्र वळलेला दिसतो. त्यांच्यापुढे उभं राहून मलाही अवघडल्यासारखं होतं. मी तिला म्हटलं, हे लिही, बोल, आणि त्याला उत्तर देणारं चित्र काढ. तिनं काढलंही. पण त्यासाठी तिला मूळ चित्र बघायला मिळालं पाहिजे. गोदामात कुलूपबंद असलेल्या चित्रावर कुणी टीका करू शकत नाही. जप्तीनं बायकांचा सन्मान वाढत नाही, फक्त एक वाद व्हायच्या आधीच गाडला जातो.

दुसरा आक्षेप मुलांचा. मुलांच्या हातात आज फोन आहे आणि त्या फोनवर काय येतं हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. ती काळजी खरी आहे, मलाही आहे. म्हणूनच मला वाटतं की मुलांनी माणसाच्या देहाची दुसरी रूपं बघावीत, जिथं देह विकायला ठेवलेला नाही. नवव्या इयत्तेच्या मुलांना मी एकदा काही आधुनिक चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या. फार सौम्य होत्या. त्या शाळेच्या व्हरांड्यात चार दिवस टिकल्या. कुणीतरी तक्रार केली आणि पाचव्या दिवशी भिंत मोकळी होती. मला कुणी काही विचारलं नाही. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं, कारण त्या चार दिवसांत मुलांनी जे प्रश्न विचारले तसे मला पुढे कधी कुणी विचारले नाहीत. एका मुलीनं विचारलं होतं, “सर, या बाईला तोंड नाही, तरी ती रडतेय हे मला कसं कळतंय?” वर्गात ग्रेड परीक्षेची तयारी चालायची. मेमरीच्या पेपरात बाजार, जत्रा, बसथांबा काढायचा, आणि सगळ्या माणसांच्या आकृत्या एकाच साच्यातल्या. त्या मुलीनं त्या वर्षी बसथांब्यावरची माणसं काढली ती निव्वळ पाठींची. पाठीवरून कोण दमलंय, कोण घाईत आहे, ते ओळखता येत होतं.

तिसरं म्हणणं असं की हा पैसेवाल्यांचा प्रश्न आहे. लाखोंची चित्रं लाखोपतींनी घ्यावीत, आपल्याला काय? हे मला मान्य नाही. सूझा 1949मध्ये परदेशी गेले, रझा 1950मध्ये, पदमसी त्यांच्यामागोमाग. या पिढीनं आयुष्यभर केलेलं बरंचसं काम परदेशात घडलं, तिथल्या घरांत, लिलावघरांत पडलं आहे. ते परत यायचं तर त्याला एकच दार आहे, कस्टम्सचं. आपल्या कलेच्या इतिहासाचा एवढा मोठा भाग ज्या दारातून घरी यायचा, त्या दारावर काय नियम आहेत याच्याशी श्रीमंतांचा जेवढा संबंध आहे त्याहून जास्त आपला आहे. श्रीमंत माणूस चित्र लंडनमधल्या घरी टांगू शकतो. साळगावच्या किंवा सोलापूरच्या पोराला ते इथंच दिसलं तर दिसणार. आणि उद्या एखाद्या विद्यार्थ्यानं बाहेरून दोन हजारांचं एक मुद्राचित्र मागवलं आणि ते अडलं, तर तो उच्च न्यायालयात जाणार आहे का? तो निमूटपणे सोडून देईल. अशी किती कागदं सोडून दिली गेली असतील, त्यांची कुठं दाद ना फिर्याद.

महाराष्ट्रानं हा वाद मराठीत लढून बघितला आहे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक 1927पासून 1953पर्यंत चालवत होते. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापत, कारण नग्नतेची किळस घालवल्याशिवाय शरीराबद्दल सरळ बोलता येणार नाही, असं त्यांना वाटे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. पण हरल्यावरही कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, पारतंत्र्यात, एका माणसानं हे केलं. आज उच्च न्यायालय आपल्या बाजूनं उभं असताना आपण निदान नियम बदलून मागायला कचरू नये.

मी काय मागतो ते सांगतो. कलाकृतीच्या बाबतीत अश्लीलतेचा निर्णय एकट्या अधिकाऱ्यानं घेऊ नये. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा मुंबईतच आहे, विमानतळापासून तासाभराच्या अंतरावर. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. गोव्यातही कला महाविद्यालय आहे. शंका आली की चित्र तिथल्या जाणकारांकडे जावं, ठरावीक दिवसांत लेखी मत यावं, आणि ते मत डावलायचं असेल तर अधिकाऱ्यानं कारणं लिहून द्यावीत. न्यायालयानं अंतिम शब्द देईपर्यंत एकही कागद नष्ट करण्याची सोय कायद्यात असू नये. जळलेल्या रेखाटनाच्या बाजूनं निकाल लागला तरी त्याचा कुणाला उपयोग? आणि एकदा सोडलेल्या चित्रकाराचं नाव, निकालासकट, प्रत्येक बंदरावर आणि विमानतळावर उपलब्ध असावं. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

आणि एक विनंती त्या सात कृतींच्या मालकांना आहे. तुम्ही लढलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आता ती चित्रं घरी नेऊन भिंतीला लावण्याआधी आठ दिवस जहांगीरमध्ये लावा. 1954मध्ये जिथून पदमसींची चित्रं उतरवायला सांगितलं होतं, तिथंच. तिकीट ठेवू नका. शेजारी उच्च न्यायालयाचा निकाल मराठीत करून लावा, म्हणजे चित्र बघून झाल्यावर माणसं तो उभ्याउभ्या वाचतील. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही बोलवा, मानानं, पहिल्या दिवशी. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी घेऊन येईन. ती चिडेल, वाद घालेल. बसथांब्यावरच्या पाठी काढणारी मुलगी आता कुठं असते मला माहीत नाही, पण तिच्यापर्यंतही निरोप पोचवायचा प्रयत्न करीन.